मदत हवी आहे: अ‍ॅप्रेंटिस मुलांच्या डायरीत काम येतं, विचार येत नाही

नमस्कार मंडळी,

हिंगणघाटकडच्या एका ग्रामीण कॉलेजात शिकवते. आमच्याकडे पदवीसोबतच अ‍ॅप्रेंटिसशिप आहे. मुलं काही दिवस जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात), काही दिवस वर्गात. ३० तासांना एक क्रेडिट, आणि त्या तासांत कारखान्यातलं कामही धरतात. त्यासाठी रोजची डायरी आणि सत्राच्या शेवटी स्व-चिंतनाचा अहवाल द्यावा लागतो. अडचण तिथेच आहे.

एका मुलाच्या डायरीतलं पान असं: "आज डबल रोलर जिनवर काम केले. सुपरवायझर सरांनी माहिती दिली. खूप शिकायला मिळाले." पुढची पानंही तशीच. त्यालाच व्हरांड्यात विचारलं, काय झालं रे त्या दिवशी? तर सांगत सुटला: "मॅडम, गाडीतला कापूस ओला होता. मूठ दाबली तवाच मले समजलं. पण सांगू कोणाले? मग रोलरवर चालेच ना, रुईत सरकीचे तुकडे याले लागले." वर म्हणाला, मागच्या साली बाबांचा कापूस ओलाव्यापायी खरेदी केंद्रावरून परत आला होता, १२ टक्क्यांच्या वर सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) घेत नाही, म्हणून हाताला अंदाज आहे. घरचा अनुभव, मशीनचं वागणं, दोन्ही त्यानं जोडलं होतं. हे का नाही लिहिलं, म्हटलं. "सही सुपरवायझर सरांची लागते ना मॅडम."

यावर काय करावं? शिवाय कापसाचा हंगाम आणि हिवाळी परीक्षा एकाच वेळी येतात. कारखान्यातली पाळी करून आलेली पोरं रात्री इंग्रजी पुस्तकाच्या ओळी अधोरेखित करतात आणि झोपतात. हुशार आहेत हो, पण अभ्यास कसा करायचा हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. कुणी असे वर्ग घेतले असतील तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद (नागपूर, तंत्रनिकेतनात शिकवतो)

ताई, दोन वह्या करा. एक मुलाची स्वतःची, ती कुणीच तपासायची नाही. तिच्यातलं जे त्याला दाखवावंसं वाटेल तेवढंच सहीच्या डायरीत जाईल. चूक लिहिली तर गुण कापले जातील ही भीती असेपर्यंत खरं चिंतन कागदावर येत नाही.

गिब्ज या शिक्षणतज्ज्ञाचं १९८८ सालचं चिंतनाचं चक्र आम्ही वापरतो: घटना, मनात काय आलं, बरं-वाईट काय, कारण, निष्कर्ष, पुढचा बेत. सहाही टप्पे रोज लिहायला लावू नका, मुलं रकाने भरल्यासारखं भरतात. आठवड्यातली एकच घटना घ्या. "कारण" या टप्प्यावर जास्त वेळ थांबवा, आमच्याकडे मुलं तिथेच अडतात. तुमच्या त्या पोराला एवढंच विचारा: ओलावा मीटरनं मोजला असता तर सुपरवायझरला कसं सांगितलं असतं?

अभ्यासाचं म्हणाल तर पुन्हा पुन्हा वाचणं बंद करा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात लगेचच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत, न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे निघाले. पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, आठवेल ते मराठीत लिहायचं, मग उघडून ताडायचं. इंग्रजी शब्द त्यानंतर.

प्रतिसाद (नागपूरजवळ बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत अ‍ॅप्रेंटिस होतो)

मॅडम, दमून आल्यावर पेन धरवत नाही. मी बससाठी उभा असताना मोबाइलवर बोलून ठेवायचो, वऱ्हाडीतच. रविवारी ऐकून त्यातलं एक लिहून काढायचो. बोलताना "मग असं काहून झालं" हे आपसूक तोंडात येते. लिहायले बसलं की "माहिती दिली" हेच सुचते.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बोलून ठेवायचं याच आठवड्यात सुरू करते. दोन वह्यांबद्दल मात्र एक विचारायचं आहे: कारखान्याच्या सुपरवायझरांना हे आधी सांगावं का? एखाद्यानं घरची वही चुकून कामावर नेली आणि "मला समजलं होतं, पण सांगितलं नाही" हे त्यांच्या वाचनात आलं, तर पोराला त्रास होऊ नये. तुमच्याकडे ही बोलणी कुणी आणि कशी केली?