बायपोलर: गोळ्या सुरू आहेत, रोजची घडी कशी बसवावी?

पाणकोंबडी:
लिथियम (मूड स्थिर ठेवणारी गोळी) सुरू आहे, मूड स्थिर आहे. डॉक्टरांचा सल्ला एकच, "नियमित राहा". नियमित म्हणजे नेमकं काय? नोंद कशाची ठेवायची, घरच्यांना काय सांगून ठेवायचं? नोकरीत पाळ्या बदलतात. 'काळजी घ्या'च्या पुढचं सांगा.

अडुळसा:
आधी उठायची वेळ पक्की करा, झोपायची नंतर. झोप हुकमी येत नाही, गजर हुकमी वाजतो. सुट्टीच्या दिवशीही अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक नको. रात्रपाळी टाळता आली तर फारच उत्तम, कारण जागरणानेच उन्माद (मूड बेफाम चढण्याचा काळ) सुरू होऊ शकतो. सक्तीच असेल तर निदान दर आठवड्याला पाळी बदलू नका.

वहीत रोज एकच ओळ: झोपेचे तास, मूड (उणे ३ ते अधिक ३), गोळी घेतली की नाही. वीस रकान्यांचे तक्ते दोन आठवड्यांत बंद पडतात. झोप चार-पाच तासांवर आली आणि तरीही थकवा नाही, असं लागोपाठ दोन रात्री झालं, तर तिसऱ्या रात्रीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन. झोप येत नाही आणि अंग मोडून आलंय, ही तक्रार वेगळी.

ताम्हण:
लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करायची. सकाळची गोळी घेऊन रक्त दिलं की आकडा फुगतो आणि डोस विनाकारण कमी होतो. स्थिर असताना साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर ठेवतात. किडनी, थायरॉइड, कॅल्शियम दर सहा महिन्यांनी.

गडबड बहुधा बाहेरून येते. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं की पातळी चढते. त्यापेक्षा पॅरासिटामॉल बरं. जुलाब, उलट्या, खूप घाम, मीठ एकदम तोडणं, यांनीही तेच होतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्याही त्यातल्याच, म्हणून नवीन औषध लिहून देणाऱ्या प्रत्येकाला लिथियमचं सांगा. हात जोरात थरथरणं, जीभ जड होणं, चालताना तोल जाणं: पुढची गोळी न घेता थेट इस्पितळ.

गवतफूल:
अडुळसा, मूडच्या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही. चढत्या काळात माणूस स्वतःला 'अगदी मस्त' म्हणतो आणि शून्य लिहितो! झोपेचे तास मात्र खोटं बोलत नाहीत.

म्हणून घरच्यांशी करार हवा, बरं असताना, कागदावर. स्वतःची तीन ठरावीक लक्षणं लिहा (पहाटे तीनला मेसेज, एकदम चार नवे उद्योग, बोलण्याचा वेग), ती कोण बोलून दाखवणार, डॉक्टरांना फोन कोण करणार. मोठी खरेदी ४८ तास थांबवायची आणि क्रेडिट कार्ड कोणाकडे द्यायचं, तेही त्यातच. घरच्यांना एक ताकीद: प्रत्येक हसण्याला किंवा चिडण्याला 'गोळी घेतलीस का?' विचारू नका. असं झालं की माणूस लक्षणं लपवायला लागतो.

पाणकोंबडी:
गोळी चुकली तर?

ताम्हण:
पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही, नेहमीचीच घ्या. आपणहून बंद तर नाहीच. लिथियम थांबवायचंच ठरलं तरी डॉक्टरांच्या देखरेखीखाली निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन उतरवतात. एकदम तोडलं की आजार उलटायचा धोका वाढतो. पुढेमागे लॅमोट्रिजिन (बायपोलरचंच दुसरं औषध) सुरू झालं तर तिथला नियम आणखी कडक. पाच दिवसांहून जास्त खंड पडला तर जुन्या डोसवर उडी मारायची नाही, डॉक्टरांना विचारून बहुधा पुन्हा अगदी खालून चढायचं. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी दाखवा.