मदत हवी आहे: ओबो-सोलो कोणाला द्यावा?
पुण्यातला 14 जणांचा विंड बँड: 2 फ्लूट, 4 बी-फ्लॅट क्लॅरिनेट, 2 आल्टो सॅक्स, 3 ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, ड्रम. नव्या रचना हॉर्न, ओबो (दुहेरी रीडचं, अनुनासिक आवाजाचं वाद्य) आणि बासून (bassoon, खालच्या स्वरांचं दुहेरी रीडचं वाद्य) धरूनच लिहिलेल्या असतात, आणि आमच्याकडे ही तिन्ही नाहीत.

हॉर्नचा पार्ट एक पूर्ण स्वर वर लिहून आल्टोला दिला. हॉर्नच्या पार्टात लिहिलेल्या, मधल्या सी-खालच्या ए-फ्लॅटपर्यंत निभावतं, त्याखाली सॅक्सचे स्वरच संपतात. बासूनचा पार्ट युफोनियमवर ठीक, फक्त जलद स्टकाटोचा (तुटक स्वरांचा) लगदा होतो. ते चालेल.

अडलंय ओबोवर. क्लॅरिनेटवर ए-बीच्या ब्रेकला (जिथे खालच्या स्वरांतून वरच्यांत जाताना बोटं एकदम बदलतात) ओळ तुटते, स्ट्रेट म्यूट (तोंडात बसवायचं आवाज बदलणारं बूच) लावलेला ट्रम्पेट चढा लागतो. ट्यूनिंग स्लाइड (स्वर उतरवायला ओढायची नळी) ओढून पाहिली, पण म्यूट काढल्यावर ती चार मापांत परत आत बसवायला वेळ नाही. पट्टी बदलता येणार नाही, बाहेरचा वादकही नको.

फ्लूट आणि म्यूट-ट्रम्पेट युनिसनमध्ये (एकच ओळ एकत्र) दिले तर ओबोचा अनुनासिक रंग टिकेल का, की सोलो आल्टोलाच द्यावा?