'अनोळखी' म्हणजे नक्की कोण?

प्रश्न: सहा वर्षांच्या लेकीला स्वतःला जपायच्या चार गोष्टी सांगायला बसले आणि शब्दापाशीच अडले. "अनोळखी माणसाशी बोलायचं नाही," असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी बागेत एक आजोबा तिच्याशी बोलू लागले, तर ही गप्प. त्यांनी नाव सांगितलं, तशी खुशाल त्यांच्या बाकावर जाऊन बसली. घरी विचारलं तर म्हणाली, "नाव सांगितलं ना, मग झाले ओळखीचे!" शब्दार्थानं तिचं काहीच चुकलं नाही. मग 'परका' म्हणावं, की 'तिऱ्हाईत'?

उत्तर: 'परका' नकोच. त्याच्यासमोर लगेच 'आपला' उभा राहतो, आणि आपल्या माणसाबद्दल शंका घ्यायची नसते असं मूल धरून चालतं. मुलांशी लैंगिक गैरवर्तन करणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, म्हणून ही जोडी मला फार घातक वाटते. 'तिऱ्हाईत' म्हणजे दोघांच्या मामल्यातला तिसरा, कुणाच्याच बाजूचा नसलेला. त्यात धोक्याची छटाच नाही, शिवाय सहा वर्षांच्या मुलीला तो शब्द जड जाईल.

'अनोळखी' राहू द्या, फक्त त्याचा बागुलबुवा करू नका. 2005 साली अमेरिकेतल्या युटा राज्यात 11 वर्षांचा एक मुलगा डोंगरात चार दिवस हरवला होता. शोधायला आलेली माणसं दिसली तरी तो लपून राहिला, कारण ती अनोळखी होती. हरवलेल्या मुलाला मदत अनोळखी माणसाकडेच मागावी लागते. ती कुणाकडे मागायची, हे आधी दाखवून ठेवावं: दुकानात गल्ल्यावर बसलेली व्यक्ती, लेकरू सोबत असलेली बाई.

खरा फरक 'ओळखीचा' आणि 'भरवशाचा' यांत आहे. ओळख नावानं होते, भरवसा वागण्यातून बसतो. भरवशाची माणसं कोण, ते लेकीलाच बोटांवर मोजायला सांगा. एका हाताची बोटं पुरतात.

आणखी एक उत्तर: वरच्याशी सहमत. मला 'वाईट स्पर्श' हा शब्दही खटकतो. वाईट कोण, असा प्रश्न मुलाला पडतो, आणि पुष्कळदा ते स्वतःलाच वाईट ठरवून गप्प बसतं. आम्ही घरी 'नकोसा' म्हणतो. गुदगुल्यासुद्धा आधी हव्याशा आणि मग नकोशा होतात, हे मुलाला लगेच पटतं. त्यानं 'नको' म्हटल्यावर मात्र आपला हात तिथल्या तिथे थांबला पाहिजे, मग लाडानं पापा घेणारी मावशी असो की आपण स्वतः. एरवी तो शब्द पोकळच राहतो.

आणि 'घाबरून राहा' ऐवजी 'सावध राहा' म्हणा. 'सावध'मध्ये 'अवधान' आहे, म्हणजे लक्ष. लक्ष असलेलं मूल मोकळेपणी खेळू शकतं, भ्यालेलं नाही.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. बोटं मोजून झाली, चार भरली. आता 'गुपित' आणि 'गंमत' यांवर अडलो आहोत. "ही आपली गंमत, आईला सांगायची नाही" हे वाक्य किती सहज बोललं जातं! मी तिला असं सांगितलं: गंमत ठरलेल्या दिवशी उघडते, वाढदिवसाच्या भेटीसारखी. कधीच सांगायचं नाही असं कुणी बजावलं, तर ते गुपित, आणि ते त्याच दिवशी मला सांगायचं. त्यावर तिनं विचारलं, "तू घरी नसलीस तर?" मी तिच्या हाताची उरलेली तीन बोटं पुढे केली.