मदत हवी आहे: माहीत असलेल्या बगच्या टेस्ट एक्सफेल ठेवल्या, पण त्यामागे दुसराच बग लपला

नमस्कार मंडळी,

आमचा कोड पायथनमध्ये आहे, टेस्ट पायटेस्टवर (टेस्ट चालवायचं टूल). जे बग लगेच दुरुस्त होणार नाहीत त्यांच्या टेस्टवर आम्ही एक्सफेल मार्कर (ही टेस्ट पडणं अपेक्षित आहे अशी खूण) लावतो आणि कारणात तिकीट नंबर टाकतो. स्किप केलं तर टेस्ट चालतच नाही, म्हणून एक्सफेल.

गेल्या आठवड्यात घोळ लक्षात आला. रक्कम दोन दशांश स्थळांवर आणणारं एक फंक्शन आहे. २.६७५ चे २.६८ व्हायला हवेत, पण फ्लोटमध्ये (दशांश संख्या साठवायचा प्रकार) ही संख्या मुळातच किंचित कमी साठवली जाते आणि राउंड २.६७ देतो. हा बग माहीत होता, म्हणून टेस्ट एक्सफेल. मध्ये कुणीतरी फंक्शनला एक आर्ग्युमेंट वाढवलं. तेव्हापासून टेस्ट टाइपएररने, म्हणजे आर्ग्युमेंट न जुळल्याने, पडत होती, राउंडिंगपर्यंत पोचतच नव्हती! त्याच टेस्टमध्ये लूप लावून आणखी ९ रकमा तपासायचो, त्याही बुडाल्या. रिपोर्टमध्ये मात्र तोच पिवळा एक्स, बिल्ड हिरवं. मला याची फार काळजी वाटते, कारण आम्ही सगळे त्या हिरव्यावर विसंबून रिलीज करतो.

उलटही झालंय. एक बग कधीच सुटलाय, टेस्ट एक्सपास (पडायला हवी होती, पण पास झाली) दाखवतेय, तिकीट अजून उघडंच.

स्ट्रिक्ट (एक्सपासला फेल धरणारी सेटिंग) सरसकट लावावं का? आणि कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्टही आम्ही एक्सफेलमध्येच टाकल्यात, त्यांचं काय करू?

प्रतिसाद:
स्ट्रिक्ट लावाच, तेही कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सगळ्यांना लागू होईल. बग सुटला की टेस्ट लाल होते आणि दुरुस्त करणाऱ्यालाच मार्कर काढावा लागतो. पण टाइपएरर त्याने पकडला नसता. त्यासाठी मार्करमध्ये रेझेस द्या, म्हणजे कुठला एरर अपेक्षित आहे ते; तुमच्या बाबतीत असर्शनएरर (उत्तर जुळलं नाही की येणारा). दुसरा कुठलाही एरर आला की टेस्ट सरळ फेल. लूप काढून पॅरामिट्राइझ करा, म्हणजे प्रत्येक रक्कम वेगळी टेस्ट होईल, मार्कर फक्त २.६७५ च्या केसवर ठेवा. बेभरवशाच्या टेस्ट एक्सफेलमध्ये नकोतच. स्ट्रिक्टखाली त्या अधूनमधून बिल्ड पाडतील. त्यांना वेगळं मार्कर देऊन वेगळ्या जॉबमध्ये चालवा.

धागाकर्ता:
खूप आभार. रेझेस लावताच आणखी २ टेस्ट लाल झाल्या. एकीत फिक्स्चरच (टेस्टची पूर्वतयारी करणारा कोड) तुटलं होतं. दुसरीचं कारण शोधतोय, सापडलं की इथेच लिहितो.