प्रति: वाढ खुंटलेल्या बाळासाठी सिल्डेनाफिल
सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) घेतल्याने रक्तवाहिन्या सैल होतात, मग पोटात बाळाची वाढ खुंटली की आईला ते का देत नाहीत, असं वर विचारलंय. तर्क बरोबर आहे, पण तो तपासून झालाय. स्ट्रायडर नावाच्या चाचण्या ब्रिटन, नेदरलँड्स, कॅनडा आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात झाल्या. 25 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. बाळाला पोटात आणखी वेळ मिळेल अशी आशा होती, पण ब्रिटनमध्ये गरोदरपण लांबलं नाही. नेदरलँड्समध्ये तर 2018 साली चाचणी मध्येच थांबवली, कारण औषधाच्या गटात नवजात बाळांच्या फुप्फुसांतला रक्तदाब वाढण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणून कळकळीने सांगते, ही गोळी कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका.

मूळ बिघाड फार आधीचा असतो. पहिल्या काही महिन्यांत वारेच्या (प्लासेंटाच्या) पेशी गर्भाशयातल्या नागमोडी धमन्या रुंद करतात. ते काम अर्धवट राहिलं की पुढे रक्तपुरवठा तोकडा पडतो. त्यामुळे उपायही लवकरच हवा. 2017च्या अ‍ॅस्प्री चाचणीत जास्त धोक्याच्या स्त्रियांना 11 ते 14 आठवड्यांपासून 36व्या आठवड्यापर्यंत रोज रात्री 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं, तेव्हा मुदतपूर्व प्रीएक्लॅम्प्सियाचं, म्हणजे बऱ्याचदा याच बिघाडातून येणाऱ्या आणि लवकर प्रसूती करायला लावणाऱ्या गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या आजाराचं, प्रमाण 4.3 वरून 1.6 टक्क्यांवर आलं. हेही डॉक्टरांनी धोका तपासून द्यायचं औषध आहे. आणि वाढ खुंटलीच असेल तर सोनोग्राफीतल्या वजनाइतकंच नाळेचं डॉपलर (नाळेतला रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) बघायला सांगा: दोन ठोक्यांच्या मधला प्रवाह आधी मंदावतो, मग थांबतो, मग उलटा वाहतो. प्रसूती कधी करायची हे बरंचसं त्यावर ठरतं.