एमएस झालाय म्हणून ग्लास हातातून काढून घ्यायचा का?

अबोली:
मला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती नसांच्या आवरणावर उलटते. माझा रिलॅप्सिंग-रेमिटिंग प्रकारचा, म्हणजे मधूनच अटॅक येतो, मग बराचसा भरून निघतो, मग काही काळ शांत. औषध चालू आहे, रिपोर्ट ठीक आहेत, नोकरी करते, आपली आपण सगळीकडे जाते-येते. महिन्यातून एखाद-दोनदा मैत्रिणींबरोबर बसले तर एक ग्लास वाइन घेते, आणि त्यावरून जे चाललंय त्याचा मला आता वीट आलाय. परवा मी ग्लास उचलला तर शेजारी बसलेल्या नातेवाईकांनी माझ्याशी एक अक्षर न बोलता तो हातातून काढून टेबलाच्या पार त्या टोकाला नेऊन ठेवला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या टेबलावर न्यूरोलॉजिस्टना याबद्दल सरळ तोंडावर विचारलेली मी एकटीच होते. त्यांनी माझ्या गोळ्या बघितल्या, लिव्हरचा रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, कधीतरी एखादा ग्लास चालेल, त्यापुढे नको.

माझं म्हणणं असं की हा आजार एकेक गोष्ट हातातून काढून घेतच असतो. उन्हात फिरणं गेलं, रात्रीची जागरणं गेली, सलग दोन कामं ओढणं गेलं. ते आजाराने नेलं, त्याला इलाज नाही. पण जे आजाराने नेलं नाही ते माणसांनी का न्यावं? कधीमधी थोडी घेतल्याने अटॅक वाढतात असा ठोस पुरावा नाही. मग निर्णय माझा असायला नको का? विरुद्ध मतं पण मांडा, फक्त 'काळजीपोटी बोलतोय' एवढंच सांगून थांबू नका, कारण द्या.

पाऊलवाट:
अबोलीताई, ग्लास असा हिसकावून घेणं चूकच, त्यात दुमत नाही. पण मी विरुद्ध बाजूनेच लिहिणार आहे आणि कारण पण देतो. माझ्या बायकोला बरीच वर्षं एमएस आहे. दारू लहान मेंदूवर परिणाम करते, तोल, पाऊल कुठे पडतंय त्याचा अंदाज, जिभेची स्पष्टता हे सगळं तिथून चालतं. आणि एमएसमध्ये बऱ्याच जणांचा नेमका तोच भाग आधी दुखावलेला असतो. धडधाकट माणसाचा तोल जायला जेवढी लागते त्याच्या कितीतरी कमी हिला पुरते.

ती दमली की उजव्या पायाचा चवडा पुरता उचलला जात नाही, चपलेचं टोक फरशीला घासतं, तो आवाज मला दुसऱ्या खोलीत बसून ओळखू येतो. थोडी जरी घेतली असेल तर तो आवाज लवकर सुरू होतो. एकदा त्याच पायाने बाथरूमच्या उंबऱ्याला ठेच लागली आणि मनगट मोडलं. अटॅकसाठी स्टेरॉइडचे कोर्स झालेले, त्यामुळे हाडं आधीच कमजोर, मग प्लास्टर, मग काठी धरायचा तोच हात बंद. तुम्ही 'एकच ग्लास' म्हणताय पण पडायला एकच ग्लास पुरतो हो. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं कुठलंच प्रमाण तब्येतीला सुरक्षित म्हणता येत नाही, हे तर ज्यांना काही आजार नाही त्यांच्यासाठी.

अबोली:
पाऊलवाट, वाचून वाईट वाटलं, वहिनींचं मनगट आता बरं असेल अशी आशा करते. पण दादा, हा त्यांचा एमएस झाला. माझे आजाराचे डाग मुख्यतः डोळ्याच्या नसेवर आणि मानेतल्या मज्जारज्जूत आहेत, तोलाचा त्रास मला आजवर झालेला नाही. हा आजार प्रत्येकाला वेगळा हे आपण सगळे जगाला ओरडून सांगतो ना, मग दारूचा विषय आला की सगळे एकदम एकाच रांगेत कसे?

कातळ:
माझा मुद्दा जरा वेगळा आहे. मी पीत नाही, एमएस व्हायच्या आधी प्यायचो. माझं चालणं फाकलेलं आहे आणि संध्याकाळी शब्द ओढल्यासारखे येतात. भर दुपारी रस्त्यावर लोकांनी मला दारुड्या ठरवलंय, एका ठिकाणी आत सोडायला नकार दिला, बरोबर लहान मुलगी होती माझी. तेव्हा मी शांतपणे सांगू शकलो की हा आजार आहे, माझा वास घेऊन बघा पाहिजे तर. ते वाक्य मला सोडायचं नाहीये. ज्या दिवशी तोंडाला वास असेल त्या दिवशी माझं कोण ऐकणार? आणि नुसत्या अपमानाचा प्रश्न नाही, उद्या खरंच अटॅक आला, पाय गेला, बोबडी वळली, आणि त्या दिवशी मी दोन पेग घेतलेले असले तर इमर्जन्सीमधला डॉक्टर पण आधी म्हणेल 'उतरू दे, मग बघू'. तेवढा उशीर मला नकोय.

अबोली:
कातळ, तुमचं दुःख खरं आहे आणि ज्यांनी तुम्हाला अडवलं त्यांना शरम वाटायला हवी. पण लोक गैरसमज करून घेतील म्हणून आपण आपलं जगणं आखायचं हे मला पटत नाही. उद्या म्हणतील काठी घेतली की लोक बघतात, काठी पण सोडा.

कातळ:
काठीने मी सरळ चालतो ताई, दारूने नाही. तुलना पटली नाही.

मोरपीस:
फार्मसीत काम करते, म्हणून मला या चर्चेत एका गोष्टीची काळजी वाटतेय. सगळे 'एमएस आणि दारू' बोलतायत, पण बहुतेकदा खरा लोचा 'गोळ्या आणि दारू' यात असतो, आणि तो प्रत्येकाच्या प्रिस्क्रिप्शनप्रमाणे बदलतो.

पाय आखडतात म्हणून बॅक्लोफेन किंवा टिझानिडिन, नसांच्या दुखण्याला गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन, झोपेला किंवा आकडीला क्लोनाझेपाम, दुखण्याला कमी डोसमध्ये अमिट्रिप्टिलिन, ही सगळी मेंदूला मंद करणारी औषधं आणि दारू पण तेच करते, त्यामुळे गुंगीवर गुंगी चढते. टिझानिडिनचं तर दारूमुळे रक्तातलं प्रमाणच वाढतं, वर बीपी उतरतं, रात्री लघवीला उठून उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी. यातलं काही चालू असेल तर माझं उत्तर सरळ 'नको' आहे, एक ग्लास पण नको.

आणि याहून वाईट प्रकार म्हणजे 'आज पार्टी आहे म्हणून आजची गोळी घेत नाही'. हे मी काउंटरवर इतक्यांदा ऐकते! बॅक्लोफेन बरेच दिवस चालू असताना मनाने एकदम बंद केलं तर भास होऊ शकतात, फिट येऊ शकते. दारूसाठी औषध चुकवणं हा हिशोब कधीच फायद्याचा नाही.

आता मूळ आजाराची, म्हणजे एमएसचीच औषधं. टेरिफ्लुनोमाइडमध्ये लिव्हरची मोठी वॉर्निंग आहे, पहिले सहा महिने दर महिन्याला लिव्हर तपासतात ते उगाच नाही, आणि ते बंद केलं तरी शरीरातून पुरतं जायला दोन वर्षांपर्यंत लागू शकतात. इंटरफेरॉनची इंजेक्शनं पण लिव्हरची एन्झाइम्स वाढवू शकतात, वर इंजेक्शननंतर ताप-अंगदुखी होते म्हणून लोक पॅरासिटामॉल घेतात, आणि त्यावर दारू, म्हणजे लिव्हरवर तिहेरी भार. फिंगोलिमॉडला पण लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. अबोलीताईंच्या डॉक्टरांनी गोळ्या आणि रिपोर्ट बघून उत्तर दिलं हेच बरोबर आहे, पण ते उत्तर त्यांचं, दुसऱ्या कोणी उचलून स्वतःला लावू नका प्लीज.

तटस्थ:
इथे कोणी दुसरी बाजू मांडत नाहीये म्हणून लिहितो. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की दारू पिणाऱ्यांमध्ये एमएस होण्याचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा कमी होतं. दारू रोगप्रतिकारशक्तीला थोडी दाबते आणि एमएसमध्ये तीच शक्ती आपल्या नसांच्या आवरणावर उलटलेली असते, म्हणजे तर्क पण बसतो. रेड वाइनमध्ये रेस्व्हेराट्रॉल हे द्राक्षांतलं द्रव्य पण असतं. मग एवढी भीती कशाला? उलट थोडी घेणं फायद्याचं असू शकतं.

नितळ:
तटस्थ, हे असं अर्धवट मांडू नका, कोणीतरी खरंच यावर विसंबून राहील. तो अभ्यास आजार होण्याच्या शक्यतेबद्दल होता, झालेल्या आजाराचं पुढे काय होतं याबद्दल नव्हता. ज्यांना एमएस झालाच आहे त्यांच्यासाठी तो प्रश्नच वेगळा. आणि पिणारे-न पिणारे यांची नुसती तुलना केली की एक घोळ नेहमी होतो, तब्येत बिघडायला लागली म्हणून ज्यांनी सोडली ते न पिणाऱ्यांच्या गटात जाऊन बसतात, मग पिणारा गट आपोआप ठणठणीत दिसतो. एमएसची लक्षणं निदानाच्या कितीतरी आधीपासून हळूहळू सुरू असू शकतात, तेव्हा असं व्हायला भरपूर वाव आहे. नर्सेसवर वर्षानुवर्षं चाललेला जो अमेरिकेतला मोठा अभ्यास आहे त्यात दारूचा आणि एमएस होण्याचा संबंध सापडलाच नाही. रेस्व्हेराट्रॉलचं म्हणाल तर उंदरांमध्ये एमएससारखा आजार निर्माण करून ते देऊन बघितलं होतं, एका प्रयोगात आजार उलट बळावला. अबोलीताईंनी 'मला आवडतं म्हणून घेते' म्हणावं, ते मला मान्य आहे. 'औषध म्हणून घ्या' हे मात्र अजिबात मान्य नाही.

तटस्थ:
औषध म्हणून घ्या असं म्हटलं नव्हतं. पण झालेला आजार आणि होण्याची शक्यता यातला फरक मान्य.

निशिगंध:
मी सोडली. कोणी सांगून नाही, माझा मूत्राशय आणि माझी झोप या दोघांनी सांगितलं. एमएसमध्ये 'लागली की लगेच जावं लागतं' हा त्रास किती जणांना असतो आणि किती कमी जण त्याबद्दल बोलतात! दारूमुळे पाणी धरून ठेवणारं हार्मोन दबतं, लघवी जास्त बनते, शिवाय मूत्राशय चिडतो तो वेगळाच. बाहेर गेले की आधी टॉयलेट कुठे ते बघायचं, त्या जवळची खुर्ची पकडायची, मग त्यात वाइन घेऊन स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घ्यायचा? झोपेचं म्हणाल तर आधी पटकन लागते पण उत्तररात्री तुकडे पडतात. आणि एमएसचा थकवा ज्याला माहितीये त्याला सांगायला नको, सकाळी डोळे उघडल्यावर अंगात वाळूची पोती भरल्यासारखं वाटतं ते.

पण खरं सोडायचं कारण वेगळं होतं. मी आनंदासाठी घेत नव्हते, भीती वाटायची तेव्हा घेत होते. एमएस असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या जणांना आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येतं, आणि दारू ते त्या रात्रीपुरतं झाकते आणि दुसऱ्या दिवशी आणखी खोल नेते. म्हणून अबोलीताई, किती घेतेस यापेक्षा कधी घ्यावीशी वाटते ते मला विचारावंसं वाटतं. मैत्रिणींबरोबर असताना की एमआरआयच्या आदल्या रात्री?

अबोली:
निशिगंध, मैत्रिणींबरोबरच. पण प्रश्न आवडला, हाच कोणी मला घरात विचारला असता तर मी बसून उत्तर दिलं असतं. मला हवं आहे ते एवढंच, विचारा, हिसकावू नका.

पाऊलवाट:
मी माझ्या मतावर कायम आहे. पण एक लिहितो, आमच्याकडे मी सक्त बंदी केल्यावर ती बाहेर जाऊन घ्यायला लागली आणि मला सांगेनाशी झाली. त्या वेळी तिला गॅबापेंटिन चालू होतं. मला माहीत असतं तर मी निदान रात्री जागा राहिलो असतो. मोरपीस यांनी लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला. तेव्हा बंदी नको, पण 'निर्णय माझा एकटीचा' हे पण नको. पडल्यावर उचलणारा माणूस पण त्या निर्णयात असतो ताई.

अबोली:
उचलणाऱ्या माणसाला बोलायचा हक्क आहे, हे मान्य. शेवटचा शब्द मात्र माझाच राहील. यावर आपलं जमणार नाही बहुतेक.

खडीसाखर:
मध्येच विचारते, मला नवीनच निदान झालंय, डायमिथाइल फ्युमरेट ही एमएसची गोळी सुरू केलीय. दारू घेतल्यावर दुसऱ्या दिवशी हातात मुंग्या वाढल्यासारख्या वाटल्या तर तो अटॅक समजायचा का? आणि या गोळीबरोबर चालते का?

मोरपीस:
नवीन किंवा वाढलेलं लक्षण २४ तासांपेक्षा जास्त टिकलं आणि ताप किंवा इन्फेक्शन नसेल तर अटॅकचा विचार करतात. दारू, जागरण, अंग तापणं याने जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात, ती बहुतेकदा ओसरतात. पण टिकली, किंवा नजर, चालणं, लघवी यात बदल वाटला तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना फोन करा आणि घेतली होती हे पण सांगा, लपवू नका. गोळीचं म्हणाल तर ३० टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोलवाली कडक दारू पाणी न घालता गोळीच्या आसपास तासाभरात घेऊ नका, गोळी लवकर विरघळून पोटाचा त्रास वाढू शकतो. सुरुवातीच्या आठवड्यांत पोटदुखी, मळमळ आणि चेहरा लाल होणं तसंही असतं, त्यामुळे माझ्या मते शरीराला गोळीची सवय होईपर्यंत अजिबात नको. गोळी जेवणाबरोबर घ्या. आणि तुमच्या प्रिस्क्रिप्शनमध्ये अजून काय काय आहे? झोपेची किंवा मुंग्यांची वेगळी गोळी असेल तर आधी ते सांगा.

खडीसाखर:
हो, रात्री प्रिगॅबालिन आहे.

मोरपीस:
मग नको. सध्या तरी अजिबात नको, आणि पुढच्या अपॉइंटमेंटला डॉक्टरांना दोन्ही गोळ्यांची नावं घेऊन हाच प्रश्न विचारा.