मदत हवी आहे: क्लबसाठी नवं मैदान शोधतोय, जागा तीन आणि समितीत मतंही तीन

फक्कीवाला:

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचक आहे, स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचा फुटबॉल क्लब छोटा आहे. मोठ्यांचा एक संघ, मुलींचा एक, आणि बारा व पंधरा वर्षांखालच्या पोरांचे दोन. अकरा वर्षं ज्या मैदानावर खेळलो, त्याच्या मालकांना आता जागा दुसऱ्या कामासाठी हवी आहे. हंगाम संपला की रिकामं करा, म्हणाले. तोंडीच म्हणाले, पण आमचा करारही तोंडीच होता, त्यामुळे भांडायला हातात कागद नाही. चूक आमचीच. अकरा वर्षांत त्यांनी विषय काढला नाही आणि आम्हीही मुद्दाम काढला नाही.

मैदान म्हणजे नुसतं गवत नसतं हे सामान आवरायला घेतल्यावर कळलं. कोपऱ्यात पत्र्याची खोली आहे. तिच्यात जाळ्या, कोन, फक्की मारायचं यंत्र, तीन मापांचे चेंडू आणि एक मोडकं स्ट्रेचर, जे टाकायला कोणाचा हात धजत नाही. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने पोरांच्या उंचीच्या खुणा केल्यात. आज मोठ्या संघात मधली फळी सांभाळणाऱ्या आमच्या गड्याची पहिली खूण माझ्या छातीच्याही खाली आहे. ते दार उचकटून न्यायचं, एवढा एकच ठराव समितीत एकमताने झाला. बाकी सगळा गोंधळ.

जागा अशा:

पहिली, शाळेचं मैदान. बहुतेक पोरं चालत येऊ शकतील. आठवड्यातून तीन संध्याकाळी मिळेल. पण नऊ-नऊ जणांचा सामना होईल एवढंच मोठं आहे, दिवे नाहीत, सामान ठेवायला जागा नाही आणि परवानगी दर वर्षी नव्याने मागायची.

दुसरी, वस्तीबाहेरची मोकळी जमीन. मालक दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याला तयार आहेत. आम्ही चौघं रविवारी सकाळी तीस मीटरचा टेप, सुतळी आणि कॉर्नरचे झेंडे घेऊन मोजायला गेलो. काटकोन साधायला सुतळीला तीन, चार आणि पाच मीटरवर गाठी मारल्या, शाळेत शिकलेलं पहिल्यांदा कामी आलं. जमीन भरली ९६ बाय ५८ मीटर. चहूबाजूंनी तीन-तीन मीटर मोकळे सोडले तर खेळायला ९० बाय ५२ उरतात. जागा पाहून मोठ्या संघाची पोरं हरखलीच. पण तिथे पाणी नाही, वीज नाही, खोली नाही, आणि तिकडून येणारी शेवटची बस साडेसातची.

तिसरी, तासावर मिळणारं कृत्रिम गवताचं मैदान. दिवे आहेत, स्वच्छतागृह आहे, सगळं तयार. फक्त संध्याकाळचे तास आधीच गेलेत, आम्हाला मिळतील ते रात्री साडेनऊनंतरचे.

मोठ्यांना दुसरी हवी, पालकांना पहिली. आमचे खजिनदार तिसरीवर अडून बसलेत, कारण तिथे ‘डोक्याला ताप नाही’. प्रश्न असा की निवडताना आधी काय बघायचं? आणि जमिनीच्या मालकांकडून सही करण्यापूर्वी काय काय विचारून घ्यायचं? यातून गेलेल्यांनी कृपया सांगावं.

जुना पंच:

आधी मापाचं सांगतो. ९० बाय ५२ नियमात बसतं, पण अगदी काठावर. खेळाच्या पहिल्याच नियमात लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर दिली आहे. तुमची स्पर्धा याहून मोठं मैदान मागते का, हे आयोजकांकडून लेखी घ्या. तोंडी ‘चालेल हो’ म्हणणारे लोक सामन्याच्या दिवशी फोन उचलत नाहीत.

आता ५२ म्हणजे काय ते बघा. गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीची, म्हणजे पेनल्टी क्षेत्राची, रुंदी ४०.३२ मीटर ठरलेली आहे, मैदान लहान म्हणून ती लहान होत नाही. म्हणजे दोन्ही अंगांना ५.८४ मीटरच उरतात. तुमचा विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा गडी, वेगावर खेळणारा असेल तर त्याचे हाल होतील. एरवी मोठे क्लब १०५ बाय ६८ वर खेळतात, त्याच्याशी ताडून पाहा.

आणखी एक. जमीन लांबीला कुठल्या दिशेने आहे? पूर्व-पश्चिम असेल तर संध्याकाळी एका गोलकीपरच्या थेट डोळ्यांत सूर्य येणार. म्हणून मैदान शक्यतो उत्तर-दक्षिण आखतात. ९६ बाय ५८ मध्ये तुम्हाला ते फिरवायलाही वाव नाही.

सावळागोंधळ:

आम्हीपण याच फेऱ्यात आहोत. वाचतोय.

कागदवाला:

फक्कीवाला, दहा वर्षं हा आकडा ऐकून भुलू नका. भाडेपट्ट्यात मुदतीआधी संपवायची अट कुठे आहे ते शोधा. ‘कोणत्याही पक्षाने सहा महिन्यांची नोटीस दिल्यास’ असं एक वाक्य आत असेल, तर तुमचा करार दहा वर्षांचा नाही, सहा महिन्यांचा आहे. आणि त्या जोरावर तुम्ही बोअर, खोली, कुंपण असा खर्च करून बसाल.

विचारायच्या गोष्टी: जमीन विकली तर नवा मालक हा करार पाळायला बांधील राहील का? तुम्ही बांधलेली खोली शेवटी कोणाची? त्या जमिनीचा खेळासाठी वापर करायला आणि दिव्यांचे खांब उभारायला परवानगी लागते का, आणि ती कोणी काढायची? आणि करार कोणाच्या नावावर होणार? क्लबची रीतसर नोंदणी नसेल तर सही करणारा माणूस व्यक्तिशः अडकतो. उद्या तो क्लब सोडून गेला की मैदान त्याचं आणि तुम्ही पाहुणे.

जुनी जागा सोडताना नवी हातात नसेल तर काय होतं, याचं उदाहरण ब्रायटनचं. इंग्लंडमधला हा क्लब, संचालकांनीच मैदान विकून टाकलं आणि १९९७ मध्ये ते सोडावं लागलं. दुसरी जागा तयारच नव्हती. दोन वर्षं ‘घरचे’ सामने शंभरहून जास्त किलोमीटर लांब गिलिंगहॅमला, मग २०११ पर्यंत धावण्याच्या शर्यतींसाठीच्या एका मैदानात. चौदा वर्षं! तो व्यावसायिक क्लब होता म्हणून तगला. आपल्यासारखे चौदा महिन्यांत विरून जातात.

गोलकीपरची आई:

काका, तुम्ही सगळं मोजलंत, पण मुली घरी कशा पोचणार ते मोजलं नाहीत. साडेसातची बस शेवटची म्हणजे सराव सात वाजता संपवावा लागेल. आमच्या क्लबाने असंच लांबचं मोठं मैदान घेतलं होतं. पहिल्या महिन्यात सगळ्या आल्या, दुसऱ्या महिन्यात आईवडिलांची ने-आण थकली, तिसऱ्या महिन्यात सात जणी उरल्या. सात जणींत संघ होत नाही. कोणी भांडून गेलं नाही, एकेक जण गळत गेली.

एक करा. चारही संघांची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे लिहा: कसा येतो, कसा जातो, सोबत कोण. अंदाजाने नको, फोन करून. आणि मोकळ्या जमिनीवर स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला आडोसा पहिल्या दिवसापासून हवा. ‘नंतर बांधू’ हे फक्त मुलांच्या संघाला चालतं.

दुर्वांकुर:

मी मैदानांच्या देखभालीचं काम करतो, म्हणून मातीबद्दल बोलतो. सही करण्याआधी एक कुदळ घेऊन जा. हातभर रुंद आणि हातभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला दोन-तीन सेंटिमीटर तरी उतरायला हवं. नाही उतरलं तर पावसाळ्यात तुमच्याकडे मैदान नाही, डबकं आहे. आणि एकाच जागी खणू नका, उंच टोकाला, मध्ये आणि सखल टोकाला असे तीन खणा.

दुसरं, एका नैसर्गिक गवतावर चार संघांचा रोजचा सराव होत नाही हो. गवत आधी गोलसमोर जातं, मग मधल्या वर्तुळात. सरावाला सुटे गोल वापरा आणि ते दर आठवड्याला हलवा, सामन्याच्या गोलसमोर शूटिंगचा सराव बंद. एवढं पाळलं तरी मैदानाचं आयुष्य बरंच वाढतं.

खजिनदारसाहेबांना सांगा, कृत्रिम गवतालाही ताप असतो, फक्त तो मालकाच्या डोक्याला. साधारण दहा वर्षांत गालिचा बदलावा लागतो. उन्हात ते खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं. त्यात भरलेले रबराचे दाणे बुटांतून घरोघरी जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा दाण्यांच्या विक्रीवर बंदीचा निर्णय घेतला आणि मैदानांना २०३१ पर्यंत सवलत दिली. तुम्ही भाडेकरू आहात म्हणून थेट फरक पडणार नाही, पण मालकाचा खर्च वाढला की भाडं वाढतं.

डावा बचाव:

सगळे घाबरवतायत म्हणून थोडं उलटं. बर्लिनच्या ऊनियोन क्लबच्या पाठीराख्यांनी २००८-०९ मध्ये स्वतःच्या हातांनी स्टेडियम नव्याने उभं केलं. दोन हजारांहून जास्त लोक राबले. माळावर खोली बांधायला तुम्हाला वीस जण मिळणार नाहीत?

गोलकीपरची आई:

मिळतील. पण बसचं काय?

फक्कीवाला:

सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी परत येतोय, मधल्या काळात दोन कामं केली.

यादी केली. एकूण ६३ नावं, तीन संध्याकाळी फोन. माझा अंदाज होता की फार तर दहा-बारा जणांची अडचण होईल. माळावर गेलो तर २६ जणांना परतायला सोय नाही, त्यातल्या १४ मुली. ताई, तुमचं खरं निघालं. यादी समितीत वाचून दाखवली तेव्हा मोठ्यांच्या कर्णधाराची स्वतःची बहीण त्यात निघाली. तो गप्पच झाला.

मग खड्डे. तीन खणले. वरच्या टोकाचा आणि मधला, दोन्हींत पाणी छान उतरलं. खालच्या टोकाचा दुपारी एकला भरला, संध्याकाळी सहाला गेलो तर पातळी जवळजवळ जिथल्या तिथे. वर एक बेडूक. पोरांना तोच जास्त आवडला. जमिनीचे मालक योगायोगाने तिथे आले होते, त्यांनी चप्पल काढून खड्ड्यात पाय घातला आणि म्हणाले, “इथे पूर्वी तळं होतं की.” हे आधी सांगायचं सुचलं नव्हतं त्यांना! पंचकाका, दिशा पूर्व-पश्चिमच आहे आणि तळ्याचं टोक पश्चिमेचं. म्हणजे त्या टोकाचा गोलकीपर चिखलात उभा, आणि समोरच्याच्या डोळ्यांत सूर्य.

दुर्वांकुर:

बेडूक दिसला म्हणजे निकाल लागला. तरी जमीन सोडायचं कारण नाही. सखल बाजूच्या काठाने चर खणून त्यात खडी आणि छिद्रांचा पाइप टाका. पण चराचं पाणी पुढे सोडणार कुठे? बाहेर ओढा किंवा रस्त्याकडेची गटार असेल आणि तिथे सोडायची परवानगी असेल तरच उपयोग, नाहीतर तळ्याला नुसतं तोंड करून दिल्यासारखं होईल. तो खर्च मालकाचा की तुमचा, हेही करारात.

कागदवाला:

आणि चराचा खर्च तुमचा असेल तर पहिली पाच वर्षं मुदतीआधी काढता येणार नाही, असं लिहून घ्या. हीच वेळ आहे घासाघीस करायची. मालकांनीच तळं कबूल केलंय.

फक्कीवाला:

अगदी तेच मांडलं. मालक पाच वर्षांच्या अटीला तयार दिसतायत, चराचं अजून बोलणं चालू आहे. तोवर असं ठरलं: मुली आणि दोन्ही लहान संघ शाळेच्या मैदानावर, मोठ्यांचा सराव आठवड्यातून एकदा रात्रीच्या त्या उरलेल्या तासांत. सामने सध्या सगळे बाहेर. खजिनदार अर्धे खूश आहेत. त्यांच्यासाठी तेवढंही पुष्कळ.

एक शेवटचं विचारतो. शाळेत गोल रोज मांडून रोज उचलायचे आहेत, आणि शाळा जमिनीत खुंट्या ठोकू देत नाही. मागच्या दांड्यावर वाळूच्या पिशव्या टाकल्या तर चालतील ना?

जुना पंच:

दोन-चार टाकून समाधान मानू नका. गोलला किती वजन लागतं ते बनवणाऱ्याने दिलेलं असतं, तेवढं मोजून टाका. नियमातही सुटा गोल पक्का बसवलेला असेल तरच वापरायची मुभा आहे. पोरं दांड्याला लोंबकळतात आणि गोल पुढे येतो, जीव गेलेत असे. पिशव्या टाकल्यावर स्वतः वरच्या दांड्याला धरून पुढे ओढून बघा, हलला तर खेळ सुरू करू नका. आणि सराव संपला की गोल आडवे घालून साखळीने बांधा. शाळेच्या सुट्टीत दुसरी पोरं तिथे येणारच.

फक्कीवाला:

साखळी आजच आणतो.